मुलगा अठराचा होणार, डॉक्टर बदलणार, आता त्याच्या इन्सुलिनकडे कोण बघणार?

पत्र थोडक्यात असं आहे:

मुलाला सातव्या वर्षी टाइप वन डायबेटिस (यात शरीरात इन्सुलिन बनणंच जवळजवळ थांबतं, ते बाहेरून घ्यावं लागतं) निघाला, आता तो साडेसतरा वर्षांचा आहे. इतकी वर्षं डॉक्टर एकच, लहान मुलांचे. मागच्या व्हिजिटला त्यांनी सांगितलं की अठरा पूर्ण झाल्यावर मोठ्यांच्या क्लिनिकला जावं लागेल. मुलगा म्हणतो बरं झालं, तिथे मी एकटा जाणार, तू यायचं नाहीस. पण हाच मुलगा दुपारचं इन्सुलिन विसरतो, विचारलं की चिडतो, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) पूर्वी साडेसातच्या आसपास असायची ती आता नऊच्या वर गेलीय. त्याच्या अंगावरच्या, शुगर मोजणाऱ्या सेन्सरचे आकडे आईच्या फोनवर येतात हे त्याला माहीत आहे, पण आई रात्री किती वेळा उठून बघते ते माहीत नाही. वडील म्हणतात मोठा झालाय, त्याचं त्याला बघू दे. आईला वाटतं डॉक्टरांच्या हातापाया पडून अजून तीन-चार वर्षं तिथेच ठेवून घ्यायला सांगावं, कारण मुलगा अजून बेजबाबदार आहे. आईचा प्रश्न: ठेवून घ्यायला सांगू की सोडून देऊ?

ताई,

शरीरात स्वादुपिंड जे काम दिवसरात्र गुपचूप करतं ते काम तुम्ही दहा वर्षं बाहेरून केलंय. जेवणाआधी, जेवणानंतर, झोपेतून उठून, ताप आला की दुप्पट. आणि आता कुणीतरी कॅलेंडरवरची एक तारीख दाखवून म्हणतंय की हे काम आता त्याचं. जीव घाबरणारच हो, त्यात तुमचं काही चुकत नाहीये.

मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे डोस किती आणि इन्सुलिन कोणतं यावर मी काही सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण टाइप वनची मुलं आणि त्यांचे आईबाप यांच्याशी बोलायचं काम मी बरीच वर्षं करतेय, आणि तुमचा प्रश्न थोड्याफार फरकाने त्या सगळ्यांचा असतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुम्ही दोन पर्याय ठेवलेत, ठेवून घ्या नाहीतर सोडून द्या. मला दोन्ही पटत नाहीत.

आधी तो बेजबाबदार आहे या म्हणण्याबद्दल. साडेसातची नऊ झाली हे सगळं तुम्ही त्याच्या स्वभावाच्या खात्यात टाकलंय. पण या वयात शरीरच इन्सुलिनला नीट दाद देत नाही. वयात येताना ग्रोथ हार्मोन वाढतं, ते इन्सुलिनच्या विरुद्ध काम करतं, त्यामुळे तीन वर्षांपूर्वी जो डोस पुरत होता तोच आज अगदी वेळेवर घेतला तरी शुगर वरच राहू शकते. अमेरिकेत टाइप वनच्या पेशंटची टी वन डी एक्स्चेंज नावाची मोठी नोंदणी आहे, तिथल्या २०१६ ते २०१८ च्या आकड्यांत पाच वर्षांच्या मुलांची सरासरी एचबीएवनसी ८.१ होती आणि १५ ते १८ या वयात ती ९.३ पर्यंत चढलेली, सगळ्या वयांत सर्वात जास्त. आणि याच्या पुढचा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, २८ च्या आसपास ती परत ८ वर उतरलेली होती. म्हणजे तुमचा मुलगा बिघडलाय वगैरे काही नाही, बहुतेक मुलांचं या वयात जे होतं तेच त्याचं होतंय, फक्त अडचण अशी की नेमकं याच वयात आपण त्याचे डॉक्टर पण बदलतोय.

दुपारचं इन्सुलिन चुकतंय त्याकडे दुर्लक्ष करा असं मी म्हणत नाहीये, डोस चुकला की शुगर चढणारच. पण "विसरतो" हे उत्तर तुम्ही फार लवकर मान्य केलंत असं मला वाटतं. दुपारी तो कुठे असतो, कुणासोबत असतो? शर्ट वर करून पोटात सुई घ्यायला जागा आहे का, की टॉयलेटमध्ये जाऊन घ्यावी लागते? मित्रांपैकी किती जणांना माहीत आहे? कितीतरी मुलांचं दुपारचं इन्सुलिन यामुळे चुकतं, आणि घरी "विसरलो" म्हणणं सोपं पडतं. काहींना कधीतरी भर वर्गात हायपो होऊन, म्हणजे शुगर फार खाली जाऊन, दरदरून घाम फुटलेला असतो, सगळे बघत असतात, त्यानंतर ती मुलं जाणूनबुजून शुगर वर ठेवायला लागतात. आणि काही मुलं वजन उतरावं म्हणून डोस कमी घेतात किंवा घेतच नाहीत. मुलींमध्ये हे जास्त दिसतं पण मुलगेही असतात. हे शेवटचं फार धोक्याचं आहे, तिथे रागावून काही होत नाही, डॉक्टर आणि समुपदेशक दोघांची मदत लगेच घ्यावी लागते. आता तुमच्याकडे यातलं कुठलं आहे ते मला इथे बसून कळणार नाही आणि खरं सांगायचं तर तुम्हालाही अजून माहीत नाही. शांत वेळ बघून विचारा, "दुपारी घ्यायला काय अडचण येते रे?" "का घेत नाहीस" असं नको. आणि तो बोलायला लागला की मध्ये काही सुचवू नका, पूर्ण बोलू दे.

आता "ठेवून घ्या" बद्दल. अठरा पूर्ण झाले त्या दिवशी माणसात काही बदल होत नाही हे खरंच आहे, त्यामुळे तारखेला चिकटून बसायची गरज नाही. त्याच सुमाराला मोठी परीक्षा असेल, नवीन कॉलेज, होस्टेल असं काही येत असेल तर डॉक्टरांशी बोलून थोडं पुढे ढकलता येतं का बघा. पण तीन-चार वर्षं? त्या वर्षांत काय वेगळं होणार आहे? आत्ता तपासणीच्या खोलीत काय होतं ते आठवून बघा. फाईल तुमच्या मांडीवर असते. डॉक्टर विचारतात शुगर कशी आहे, उत्तर तुम्ही देता. हायपो किती झाले ते तुम्ही सांगता, रात्रीचं इन्सुलिन किती युनिट ते तुम्ही सांगता, मागच्या महिन्यात तीन दिवस ताप होता तेही तुम्हीच सांगता, तो शेजारच्या खुर्चीत मोबाईल बघत असतो, शेवटी डॉक्टर त्याच्याकडे वळून "काय, बरोबर ना?" म्हणतात आणि तो मान हलवतो. हेच अजून चार वर्षं चाललं तर बाविसाव्या वर्षी हाच मान हलवणारा मुलगा नवीन डॉक्टरांपुढे जाऊन बसेल.

शिवाय लहान मुलांच्या डॉक्टरांचा त्याच्यावर कितीही जीव असला तरी यापुढे ज्या गोष्टी येणार, नाइट शिफ्ट, गाडी चालवणं, दारू, लैंगिक आयुष्य, नोकरीच्या वेळची मेडिकल, पुढची तीस-चाळीस वर्षं किडनी आणि बीपीवर लक्ष ठेवणं, हे मोठ्यांच्या डॉक्टरांचं रोजचं काम आहे. आणि ज्या डॉक्टरांनी सातव्या वर्षी पहिल्या इंजेक्शनला रडला नाही म्हणून शाबासकी दिली त्यांना तो काल रात्री दारू प्यायलो होतो हे सांगेल का? मला नाही वाटत.

एक गोष्ट मध्येच सांगते. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये ज्याला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं तो लिओनार्ड थॉम्पसन तेरा-चौदा वर्षांचा होता. त्याआधी हा आजार झालेली बहुतेक मुलं काही महिन्यांत नाहीतर एक-दोन वर्षांत जायची, मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं वय त्यांच्या वाट्याला यायचंच नाही. तुमच्या मुलाच्या वाट्याला ते आलंय, चांगलं धडधाकट वाढून आलंय, आणि त्यात तुमच्या दहा वर्षांचा वाटा आहे हे कुणी तुम्हाला म्हटलं नसेल तर मी म्हणते.

मला खरी भीती वाटते ती दोन क्लिनिकच्या मधल्या काळाची. होतं काय की जुन्या डॉक्टरांकडची शेवटची व्हिजिट होते, ते सगळं देतात, शुभेच्छा देतात, नवीन ठिकाणी फोन करायचा असतो तो राहतो, मग परीक्षा येते, मग प्रवेशाची धावपळ, जुन्यांना वाटतं तिकडे जात असेल, नवीनांना हा मुलगा आहे हेच माहीत नाही, आणि बघता बघता वर्ष जातं. या वर्षात डोस कुणी बदलत नाही, डोळे-लघवी कुणी तपासत नाही, आणि पुढची भेट थेट इमर्जन्सीमध्ये होते, किटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारी आम्लं) वाढून. हे टाळायचं असेल तर नवीन ठिकाणची पहिली अपॉइंटमेंट जुन्या ठिकाणची शेवटची व्हिजिट व्हायच्या आधी हातात पाहिजे, तारखेसकट, आणि दोन्हींत तीन महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको. बाकी सगळं थोडं इकडेतिकडे झालं तरी चालेल, हे नाही.

अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०११ साली याच बदलाबद्दल एक निवेदन काढलं होतं, त्यात तयारी निदान एक वर्ष आधी सुरू करा असं म्हटलंय. तुमच्याकडे सहा महिने उरलेत. तेव्हा डॉक्टरांकडे काही मागायचंच असेल तर अजून सहा महिने मागा, आणि ते तयारीसाठी मागा, या वर्षभरात आम्ही काय काय त्याच्याकडे देणार ते सांगून मागा. चार वर्षं मागण्यापेक्षा हे त्यांना पटायची शक्यता जास्त आहे.

तुमच्या मिस्टरांचं म्हणणं चुकीच्या हेतूचं नाही, मुलावर विश्वास टाकावा असंच त्यांना म्हणायचंय. पण "त्याचं" म्हणजे नेमकं काय काय, हे त्या मुलाला तरी माहीत आहे का? आणि मिस्टरांना? त्याने आजवर बघितलंय ते बोट टोचणं, सुई घेणं आणि सेन्सर लावणं. फ्रीजच्या दारात किती कार्ट्रिज उरल्यात, त्यातली कुठली आधी एक्स्पायर होणार, चालू पेन कधी उघडलं (बहुतेक इन्सुलिन एकदा उघडलं की साधारण चार आठवडे चालतं, म्हणून तुम्ही चिकटपट्टीवर तारीख लिहून पेनला लावत असणार), सुया संपत आल्यात, किटोनच्या पट्ट्यांची मुदत संपून गेलीय, सेन्सर मागवायला कधी टाकायचा, प्रिस्क्रिप्शन कधी नवीन करून घ्यायचं, डोळ्यांची तपासणी शेवटची कधी झाली, हे सगळं तुमच्या डोक्यात असतं. तुम्ही ते इतकं बिनबोभाट केलंत की त्याला वाटतं फ्रीज उघडला की इन्सुलिन असतंच. जे काम दिसलंच नाही ते तो अंगावर कसं घेणार, सांगा.

म्हणून सुरुवात इथून करा. एका संध्याकाळी तिघं बसा, मिस्टरांनाही बसवा, आणि तुम्ही महिन्याभरात काय काय करता ते सगळं कागदावर उतरवा, क्षुल्लक वाटेल तेही. उपदेश करायचा नाही, तक्रार पण नाही, नुसती यादी. मग त्यातली पहिली दोन कामं त्यालाच निवडू दे. त्याने विचारलं तर तुम्ही साठा बघणं आणि अपॉइंटमेंट घेणं सुचवा, डोसच्या हिशोबाआधी ही दोन, कारण मधल्या काळात मुलं अडकतात ती यातच. फोन त्याने करायचा, क्लिनिकला पण आणि मेडिकलवाल्याला पण, तुम्ही घरात असताना करू दे पाहिजे तर, अडखळेल, एखादी गोष्ट विचारायची राहील, परत करेल. महिन्या-दोन महिन्यांनी पुढचं काम. जे काम त्याच्याकडे गेलं ते तुम्ही मागून करून टाकायचं नाही, पण झालं का ते बघायचा एक दिवस ठरवून ठेवायचा, रविवार सकाळ म्हणा, त्या दिवशी एकदाच विचारायचं, रोज नाही.

चुका होतील, आणि कुठल्या होऊ द्यायच्या कुठल्या नाही हे आधीच ठरवा. सेन्सर वेळेवर मागवला नाही आणि चार दिवस बोट टोचून काढावे लागले, होऊ दे, पुढच्या वेळी आठवेल. पण घरातलं इन्सुलिन संपणं ही शिकण्यासाठी होऊ द्यायची चूक नाही, तिथे तुम्ही एक पेन कायम बाजूला ठेवा आणि ठेवलंय हे त्याला सांगून ठेवा.

क्लिनिकमध्ये पुढच्या व्हिजिटपासून डॉक्टरांना सांगा की पहिली दहा मिनिटं त्याच्याशी एकट्याशी बोला, मी नंतर येते. बाहेर बसणं जड जाईल तुम्हाला, तरी बसा. त्याच्या पुढच्या वेळी वेळ वाढवा. जायच्या आधी त्याने दोन-तीन प्रश्न फोनमध्ये लिहून न्यायचे, स्वतःचे. आणि एक सराव घरी नक्की करून घ्या, मिनिटभरात स्वतःची माहिती सांगायचा. मला टाइप वन आहे, सातव्या वर्षापासून, लांब चालणारं इन्सुलिन अमुक, रोज एवढे युनिट, जेवणाचं अमुक आणि हिशोब असा, शेवटची एचबीएवनसी एवढी, किटोन वाढून कधी ऍडमिट झालो होतो ते, कशाची ऍलर्जी असेल तर ती. यातलं "टाइप वन" हे पहिल्या वाक्यात यायलाच पाहिजे. बाहेर जगात डायबेटिस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर टाइप टूचे वयस्कर पेशंट येतात, आणि मग उलट्या होतायत, काही खात नाहीये तर इन्सुलिन बंद ठेवू असं कुणीतरी म्हणून जातं. टाइप वनमध्ये लांब चालणारं इन्सुलिन काही खाल्लं नाही तरी बंद करायचं नसतं. हे त्याने स्वतःच्या तोंडाने ठामपणे सांगता यायला पाहिजे, डॉक्टरांसमोर असला तरी.

जुन्या डॉक्टरांकडून समरी लिहून घ्या, एक-दोन पानांची, दहा वर्षांची जाडजूड फाईल नवीन ठिकाणी कुणी वाचत नाही. निदान कधी झालं, आत्ताचे डोस आणि हिशोब, इन्सुलिनचा पंप असेल तर त्याची सगळी सेटिंग्ज, गेल्या दोन वर्षांच्या एचबीएवनसी, मोठे हायपो आणि ऍडमिशन, थायरॉईड, डोळे, लघवीतलं अल्ब्युमिन, बीपी, कोलेस्टेरॉल यांचे शेवटचे रिपोर्ट तारखेसकट. या समरीचा फोटो काढून मुलाच्या फोनमध्ये ठेवा. शक्य असेल तर जुन्या डॉक्टरांनी नवीन डॉक्टरांना एक फोन करावा अशी विनंती करा, पाच मिनिटांच्या त्या बोलण्याने बरंच काम होतं.

नवीन क्लिनिक कसं असेल ते त्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच दिवशी धक्का बसतो. बाहेर बसलेले बहुतेक लोक आजोबा-आजींच्या वयाचे असतील, एखाद्याच्या पायाला पट्टी असेल, ते बघून मुलं घाबरतात आणि परत जात नाहीत. वेळ कमी मिळेल. डॉक्टर थेट त्याच्याशी बोलतील, आणि तो हो म्हणाल्याशिवाय तुम्हाला काही सांगणार नाहीत, हे तुम्हीही मनात तयार ठेवा. गेला नाही तर का आला नाहीस म्हणून फोन येईलच असं नाही. डॉक्टर निवडताना दोघांनी मिळून विचारून घ्या की त्यांच्याकडे टाइप वनचे तरुण पेशंट किती येतात, डायबेटिस एज्युकेटर आहे का, सेन्सर आणि पंपाचं त्यांना कळतं का, रात्री अडचण आली तर फोन कुणाला करायचा. नाही जमलं एका ठिकाणी तर डॉक्टर बदला की, पण दुसरे मिळेपर्यंत पहिले सोडायचे नाहीत.

सेन्सरचं. रात्री किती वेळा बघता ते त्याला सांगा. कबुलीजबाब द्यायचा म्हणून नाही, त्याला कळू दे की ही काळजी आईला झोपू देत नाही, आणि मग दोघं मिळून ठरवा. माझा सल्ला असा की तुमच्या फोनवर फक्त खाली गेल्याचा अलार्म ठेवा, आकडा डॉक्टरांशी बोलून ठरवा, ७० च्या खाली गेली की हायपो धरतात आणि ५४ च्या खाली गंभीर. तो वाजला आणि त्याने ठराविक मिनिटांत उत्तर दिलं नाही तरच फोन. वर गेलेल्या शुगरबद्दल तुमच्याकडून मेसेज नाही, अजिबात नाही, तेवढी मोकळीक त्याला द्या. अठरा झाल्यावर शेअरिंग चालू ठेवायचं की नाही हे त्याचं, पण या अटी असतील तर बरीच मुलं चालू ठेवतात. आणि तो घरात शिरल्यावर पहिला प्रश्न "किती आहे?" हा येत असेल तर तो जरा मागे ढकला, आधी दिवस कसा गेला ते विचारा.

काही गोष्टी मात्र बदलाच्या आधी त्याला पाठ पाहिजेत आणि त्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. आजारी पडल्यावर काय करायचं हे पहिलं. शुगर चढलेली आहे, उलट्या, पोटात दुखतंय तर किटोन तपासायचे, रक्तातले किटोन दीडच्या वर गेले तर लगेच फोन, तीनच्या वर तर सरळ हॉस्पिटल. हायपो झाला तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, १५ मिनिटांनी परत तपासणी. ग्लुकागॉन (बेशुद्ध पडण्याइतका हायपो झाला तर शुगर वर आणायला देतात ते औषध) कुठे ठेवलंय आणि कसं द्यायचं हे सोबत राहणाऱ्या निदान एकाला माहीत पाहिजे, कारण लागेल तेव्हा तो स्वतः देऊ शकणार नाही. गाडी चालवायच्या आधी शुगर बघायची, ब्रिटनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्यांना शिकवतात की ५ च्या वर असेल तरच निघा, तिथलं ५ म्हणजे आपल्या मोजणीत ९०. आणि दारू. पिऊ नकोस एवढं सांगून आपलं काम संपत नाही. दारू उतरवण्यात लिव्हर गुंतलं की ते साठवलेली साखर नीट सोडत नाही, त्यामुळे शुगर कित्येक तासांनी पडते, झोपेत, दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा, आणि मित्रांना वाटतं चढलीय, झोपू दे. हे त्याला आणि त्याच्या एखाद्या मित्राला माहीत असण्यावर जीव अवलंबून असतो, म्हणून लाजू नका. तुम्हाला जमणार नसेल तर त्या दहा मिनिटांत डॉक्टरांना बोलायला सांगा. मुलीच्या आईला मी अजून एक सांगेन, गर्भनिरोधनाबद्दल आणि मूल ठरवून, आधी शुगर आटोक्यात आणून होऊ देण्याबद्दल याच वयात बोलायला हवं, लग्न ठरायची वाट बघत बसू नका.

नऊच्या वरची एचबीएवनसी बघून तुम्हाला वाटत असणार की दहा वर्षांचं पाण्यात गेलं. तसं नाहीये. अमेरिका-कॅनडात १९८३ ते १९९३ डीसीसीटी नावाचा मोठा अभ्यास झाला, १३ ते ३९ वयाचे १,४४१ जण होते. एका गटाची सरासरी एचबीएवनसी सातच्या आसपास ठेवली, दुसऱ्याची नऊच्या आसपास राहिली. पहिल्या गटात ज्यांना आधी डोळ्यांचा त्रास नव्हता त्यांच्यात तो नव्याने होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. पुढे अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची शुगर जवळजवळ सारखी झाली तरी पहिल्या गटाला त्या चांगल्या वर्षांचा फायदा बरीच वर्षं मिळत राहिला. शरीर चांगली वर्षं लक्षात ठेवतं. तुम्ही दिलेली वर्षं त्याच्या खात्यात आहेत. वाईट वर्षंही शरीर विसरत नाही, म्हणून हा नऊचा काळ लांबू द्यायचा नाही, पण घाबरवून तो कमी होत नाही. डोळे जातील, किडनी जाईल असं ऐकतच ही मुलं मोठी होतात, अजून एकदा सांगून काही फरक पडत नाही.

आणि तो थकला असेल हेही लक्षात घ्या. दहा वर्षं एकही सुट्टी नाही या आजाराला. या थकव्याला डॉक्टर डायबेटिस डिस्ट्रेस म्हणतात, तो डिप्रेशनपेक्षा वेगळा असतो पण दोन्ही एकत्रही असू शकतात. झोप, भूक, मित्र, आवडीच्या गोष्टी यांत फरक पडलेला दिसला तर थांबू नका, मदत घ्या. तुमच्यासाठी पण घ्या. दहा वर्षं सलग न झोपलेल्या माणसाला आता झोप म्हटलं की लगेच झोप लागत नाही, त्याला वेळ लागतो.

पहिल्या अपॉइंटमेंटला तू यायचं नाहीस असं तो म्हणाला ना, मग त्यालाच विचारा, "आत येणार नाही, बाहेर बसू का, की घरीच थांबू?" जे म्हणेल ते मान्य करा. गेला एवढं महत्त्वाचं.

आता हे पत्र तुमच्या मुलाच्या वयाची मुलंही वाचत असतील, दोन शब्द त्यांच्याशी. डॉक्टर बदलताना मध्येच राहून गेलं, वर्ष झालं, दीड वर्ष झालं, आता जायची लाज वाटते, रिपोर्ट वाईट येतील, डॉक्टर ओरडतील, म्हणून आधी शुगर जरा सुधारतो मग जातो असं कुणाचं चाललं असेल तर तसं करू नका. सुधारल्यावर जायचं नसतं, सुधारायलाच जायचं असतं. सेन्सरचे आकडे, बोट टोचून घेतलेले चार आकडे, काहीच नसेल तर रिकाम्या हाताने जा. फोन उचलणाऱ्याला सगळी कहाणी सांगायची गरज नाही. एवढंच सांगा की मला टाइप वन आहे, इन्सुलिनवर आहे, बरेच महिने फॉलोअप राहिलाय, लवकरातली लवकर वेळ द्या.